‘किती झाले’ लिहिले, ‘कसे झाले’ राहिले

१० फेब्रुवारी २०२२ रोजी संध्याकाळी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील ‘चिंटेल्स पॅराडिसो’ या निवासी संकुलात, अठरा मजली ‘डी’ टॉवरच्या सहाव्या मजल्यावरील एका घराच्या दिवाणखान्याची जमीन खचली. तिच्या भाराने खालचे स्लॅब एकामागून एक कोसळत पहिल्या मजल्यापर्यंत आले. दोन महिलांचा मृत्यू झाला. सहाव्या मजल्यावरील त्या घरात तेव्हा नूतनीकरण चालू असल्याने सुरुवातीला सगळा रोख त्या कामाकडे वळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचा अहवाल पुढे आला, तेव्हा प्रश्नाचे खरे स्वरूप कळले. काँक्रीटमध्ये क्लोराइड होते, त्यामुळे सळया वेगाने गंजल्या होत्या, काँक्रीटचा दर्जा निकृष्ट होता आणि तांत्रिक व आर्थिक अशा दोन्ही दृष्टींनी टॉवरची दुरुस्ती व्यवहार्य नव्हती. पुढे त्याच संकुलातील इतर टॉवरही टप्प्याटप्प्याने असुरक्षित ठरले. ही इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

दोष कोणाचा, हे न्यायालये ठरवतील. तो निवाडा मी येथे करणार नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे, पण माझ्या मते अधिक टिकाऊ आहे. ज्या दिवशी असा एखादा स्लॅब ओतला जातो, त्या दिवशी तेथे उभे राहून कोण पाहते, काय लिहून ठेवते आणि ते लिहिलेले पुढे कोणाच्या हाती राहते?

काही तासांची संधी

काँक्रीट ओतले गेले की आतले सारे झाकले जाते. सळई किती जाडीची होती, किती अंतरावर बांधली होती, तिच्याभोवती पुरेसे आवरण सुटले होते की नाही, हे डोळ्यांनी पाहण्याची संधी ओतकामापूर्वीच्या काही तासांपुरतीच असते. ती हुकली की उरतात दोनच मार्ग. एक म्हणजे त्या दिवशीची नोंद वाचणे. दुसरा म्हणजे कित्येक वर्षांनी यंत्राने भोक पाडून काँक्रीटचा गाभा काढणे आणि तो प्रयोगशाळेत पाठवणे. गुरुग्रामला हा दुसरा मार्ग पत्करावा लागला, आणि तोही दोन जीव गेल्यानंतर.

या नोंदी कशा असाव्यात, याबद्दल आपल्याकडे संदिग्धता मुळीच नाही. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक ४५६ (सन २०००) स्पष्ट आहे. सळईयुक्त काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. ओतण्याच्या वेळी काँक्रीटमध्ये ते घनमीटरमागे सर्वसाधारणपणे ०.६ किलोच्या आत असावे. ५ घनमीटरपर्यंतच्या ओतकामाला किमान एक नमुना, ५० घनमीटरपर्यंत चार आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला आणखी एक नमुना घ्यावा. प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब २८ दिवसांनी दाबून तपासावेत. थोडक्यात, प्रत्येक स्लॅबला जन्माचा दाखला असायला हवा, आणि तो कसा असावा हे दोन दशकांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

गुरुग्रामसारख्या शहरात पाण्याच्या नोंदीला तर विशेष महत्त्व आहे. भूजलाची पातळी झपाट्याने खालावत असल्यामुळे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये येथे बांधकामासाठी भूजल वापरण्यास मनाई केली आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याचा मार्ग पुढे आला. पर्यावरणाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. मात्र पाण्याचा स्रोत बदलला की पाण्याची चाचणी ही औपचारिकता उरत नाही. ती इमारतीच्या आयुष्याचा प्रश्न होते. ‘पॅराडिसो’मध्ये क्लोराइड कोठून आले, याबद्दल मी तर्क करणार नाही. एवढेच म्हणेन की असा प्रश्न कोणत्याही इमारतीबद्दल उपस्थित झाला, तर त्याचे उत्तर दहा मिनिटांत एखाद्या नोंदवहीतून मिळायला हवे.

मोजमाप पुस्तिकेचा वारसा

सरकारी सेवेतील माझी काही वर्षे लेखापरीक्षणात गेली. बांधकाम खात्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे अभियंत्यांच्या बोलीतील ‘एम.बी.’, मी त्या काळात पुष्कळ वाचली आहे. त्या पुस्तिकेविषयी माझ्या मनात आदर आहे. तिची पाने आधीच क्रमांकित असतात. नोंद शाईने करायची, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर आकडा वाचता येईल असा छेदायचा आणि शेजारी सही करायची. कनिष्ठ अभियंत्याने घेतलेल्या मापांची वरिष्ठाने ठरावीक प्रमाणात फेरतपासणी करायची. पुस्तिका हरवली तर तो गंभीर प्रकार मानला जातो. वसाहतकाळातून आलेल्या या व्यवस्थेने सार्वजनिक पैशाची राखण बऱ्यापैकी केली आहे.

पण बारकाईने वाचल्यावर लक्षात येते की ही पुस्तिका एकाच प्रश्नाचे उत्तर देते: काम किती झाले? किती घनमीटर खोदले, किती चौरस मीटर गिलावा केला, किती टन सळई लागली. कारण तिचा जन्मच देयकासाठी झाला आहे. काम ‘कसे’ झाले, याच्या नोंदवह्या वेगळ्या असतात: क्यूब चाचणीची वही, सिमेंटची वही, साइटवरील आदेशांची वही. लेखापरीक्षक म्हणून आम्हीही पहिल्या पुस्तिकेवर तुटून पडत असू आणि दुसऱ्या वह्या बहुधा चाळून बाजूला ठेवत असू. पहिलीतील एका चुकीच्या आकड्यामुळे सरकारचे पैसे जास्त जातात आणि आक्षेप निघतो. दुसरीतील खोट्या आकड्यामुळे त्या वर्षी कोणाचेच काही जात नाही. जे जाते ते पुढे कधीतरी, आणि दुसऱ्या कोणाचे तरी.

कायद्यालाही पैशाचीच भाषा

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच ‘रेरा’, हा घर घेणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला महत्त्वाचा कायदा आहे, यात शंका नाही. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रावर कामाच्या प्रमाणातच ती काढावी, हे या कायद्याचे मोठे योगदान. परंतु येथेही प्रमाणपत्र कशाचे? काम किती टक्के झाले, याचे. मोजमाप पुस्तिकेचाच तो वारसा आहे. शिवाय ही प्रमाणपत्रे देणाऱ्यांचे शुल्क प्रकल्पाचा प्रवर्तकच देतो.

कलम १४ (३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करायचा असतो. तरतूद चांगली आहे. अडचण गंजाच्या वेगाची आहे. सळईचा गंज पाच वर्षे निमूटपणे आत वाढू शकतो आणि सहाव्या वर्षी छताचे पोपडे पडू लागतात. कलम १७ आणि कलम १९ (५) प्रमाणे ‘आवश्यक कागदपत्रे व नकाशे’ संघटनेला आणि खरेदीदाराला मिळाले पाहिजेत. मात्र ‘आवश्यक’ म्हणजे नेमके कोणते, त्यांची यादी कायद्यात नाही. क्यूब चाचण्या, पाण्याचे अहवाल, आरएमसीच्या गाड्यांच्या पावत्या, ओतकामापूर्वी सळईची तपासणी केल्याची नोंद, यांपैकी काय हस्तांतरित व्हायचे हे अशा वेळी देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. सोसायटीच्या कपाटात लिफ्टची हमीपत्रे आणि जनरेटरच्या पुस्तिका सापडतात. स्तंभाची कुंडली सापडत नाही.

साइटवरचा मुलगा

काही वर्षांपूर्वी गुरुग्राममधील एका बांधकामावर जाण्याचा योग आला. पत्र्याच्या खोलीत एक तरुण अभियंता बसला होता. पदविका घेऊन तीन वर्षे झालेली, घर बिहारमधल्या एका गावात. शनिवारची संध्याकाळ होती आणि तो सोमवारपासूनची वही एकाच पेनाने भरत होता. माझी नजर वहीकडे गेलेली पाहून तो संकोचला. मग स्वतःच म्हणाला, “साहेब, दिवसभर वर स्लॅबवर असतो. लिहायला कधी बसणार?” क्यूबबद्दल विचारले तेव्हा तो थोडे थांबून बोलला. “गेटवर सात गाड्या उभ्या असतात. मी एक गाडी परत पाठवली तर आधी मला विचारतात, तिचे पैसे कोण देणार?”

मला त्या मुलाचा राग आला नाही. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतले गेले पाहिजे, हे त्याला ठाऊक होते. गाडी वाटेत वाहतूक कोंडीत अडकली तर चालक पाणी मिसळून मिश्रण पातळ करतो आणि त्याने ताकद घटते, हेही ठाऊक होते. ज्ञानाची उणीव नव्हती. उणीव होती ती ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराची. ज्याच्या कामावर देखरेख करायची त्याच्याकडूनच पगार घ्यायचा, आणि देखरेखीची वहीही त्याच्याच कपाटात ठेवायची, अशी ही रचना आहे. अशा रचनेत वही खोटी असेलच असे नाही. पण ती खरी आहे, असे मानायला तिसऱ्या माणसाला आधार उरत नाही.

हा केवळ खासगी बिल्डरांचा प्रश्न नाही

ही सारी कथा लोभी विकासकांची आहे, असे मानणे सोयीचे आहे, पण ते पुरेसे नाही. गुरुग्रामच्याच सेक्टर ३७-डी मधील ‘ग्रीन व्ह्यू’ हे संकुल एनबीसीसी या केंद्र सरकारच्या कंपनीचे. तज्ज्ञांच्या तपासणीत ते असुरक्षित ठरले आणि २०२२ मध्ये रहिवाशांना घरे सोडावी लागली. दिल्लीच्या मुखर्जी नगरातील ‘सिग्नेचर व्ह्यू’ या ३३६ घरांच्या संकुलाची उभारणी दिल्ली विकास प्राधिकरणाची. ते पाडून पुन्हा बांधण्याचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मोकळा केला, आणि तोपर्यंत रहिवाशांना घरभाडे देण्याची जबाबदारी प्राधिकरणावर टाकली. खासगी कंपनी, सरकारी कंपनी, वैधानिक प्राधिकरण असे तीन प्रकारचे बांधणारे, आणि अनुभव एकच.

महाराष्ट्रानेही यातून शिकण्यासारखे बरेच आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमधील ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. तिलाही दहा वर्षे झाली नव्हती. मुंबई महानगरपालिका कायद्यातील कलम ३५३-ब नुसार संरचना तपासणी बंधनकारक होते ती इमारत ३० वर्षांची झाल्यावर. वयावर आधारलेला हा नियम जुन्या इमारतींसाठी योग्य आहे; परंतु जन्मतःच रोगट असलेली इमारत त्याच्या जाळ्यात सापडत नाही. ‘महारेरा’ने प्रकल्पाच्या अभियंत्याकडून गुणवत्ता हमीचे स्वतंत्र प्रपत्र ‘२-अ’ मागवण्याची पद्धत सुरू केली, हे पाऊल अन्य राज्यांच्या पुढचे आहे. ‘कसे झाले’ हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. आता सही करणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आणि सहीमागील मूळ नोंदी जपण्याचा प्रश्न उरतो.

या संदर्भात नोएडाच्या जुळ्या मनोऱ्यांची आठवण उपयोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते पाडण्याचा आदेश दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ते जमीनदोस्त झाले. तेथे मंजूर नकाशे, सुधारित नकाशे, दोन इमारतींमधील अंतर हे सारे कागदावर होते. रहिवाशांनी ते मिळवले आणि त्यांच्या बळावर ते लढले. नियम मोडल्याचा पुरावा कागदात मिळाला. काँक्रीटच्या दर्जाबाबत असा कागद रहिवाशाच्या हाती पडतच नाही. म्हणून तो न्यायालयात उभा राहतो तो छताच्या पोपड्यांची छायाचित्रे घेऊन.

जमते कसे, हे आपल्याला माहीत आहे

स्वतंत्र देखरेख भारतात अशक्य आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याला खेड्यातील रस्त्यावर नेईन. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत गुणवत्तेची तपासणी तीन स्तरांवर होते: काम करून घेणाऱ्या यंत्रणेची, राज्य गुणवत्ता निरीक्षकांची आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकांची. हे राष्ट्रीय निरीक्षक बहुतांशी निवृत्त अनुभवी अभियंते असतात, कामाच्या ठिकाणी जाऊन रस्ता खोदून पाहतात आणि त्यांचा शेरा योजनेच्या संगणकीय प्रणालीत चढतो. ही व्यवस्था निर्दोष नाही. तरीही दोन-तीन किलोमीटरच्या ग्रामीण रस्त्याला तीन स्तरांची देखरेख मिळावी आणि शेकडो कुटुंबे ज्यात झोपतात त्या टॉवरला प्रवर्तकाच्या सहीवर सोडून द्यावे, हे तर्काला धरून नाही.

इतर देश याच वाटेने दुःखातून गेले आहेत. सिंगापूरमध्ये १५ मार्च १९८६ रोजी ‘हॉटेल न्यू वर्ल्ड’ कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९८९ च्या इमारत नियंत्रण कायद्याने संरचनेचा आराखडा स्वतंत्र अधिकृत तपासनीसाकडून पडताळून घेणे अनिवार्य केले. लंडनच्या ‘ग्रेनफेल टॉवर’ला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण गेले. त्यानंतरच्या चौकशीतून आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्यातून एक तत्त्व पुढे आले: उंच निवासी इमारतीची माहिती आराखड्यापासून वापरापर्यंत अखंड धाग्यासारखी जपली पाहिजे आणि ती इमारतीसोबत हस्तांतरित झाली पाहिजे. फ्रान्समध्ये संरचनेतील गंभीर दोषांची जबाबदारी दहा वर्षांची आहे आणि १९७८ च्या कायद्याने तिला विम्याची जोड दिली आहे. विमा कंपनीचे पैसे अडकले की नोंदी तपासण्यात तिलाच रस निर्माण होतो.

चार बदल

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. आहे त्या चौकटीत नियम करून चार गोष्टी साधता येतील.

पहिली: पाया, स्तंभ आणि प्रत्येक स्लॅब यांच्या ओतकामापूर्वी थांबा सक्तीचा असावा. स्वतंत्र अभियंत्याने सळई व सेंट्रिंग पाहून तारीख-वेळेसह छायाचित्र आणि नोंद त्याच क्षणी चढवावी. त्याशिवाय काँक्रीटची गाडी रिकामी करू नये.

दुसरी: या अभियंत्याची निवड नियामक प्राधिकरणाच्या यादीतून सोडतीने व्हावी आणि त्याचे शुल्क प्रकल्पाच्या ७० टक्क्यांच्या खात्यातून थेट मिळावे. पैसा प्रकल्पाचाच असेल, पण तो देणारा हात प्रवर्तकाचा नसेल.

तिसरी: ‘आवश्यक कागदपत्रे’ या शब्दांचा अर्थ नियमात स्पष्ट लिहावा. क्यूब, पाणी आणि सळईच्या चाचण्या, आरएमसीच्या पावत्या आणि प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे यांची एक प्रत प्राधिकरणाकडे व एक संघटनेकडे, इमारत उभी आहे तोपर्यंत राहावी.

चौथी: कलम १६ मध्ये प्रकल्पाच्या विम्याची तरतूद आहेच, ती अधिसूचित करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. संरचनेच्या दोषांचा दहा वर्षांचा विमा तिला जोडण्याचा विचार व्हावा.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला खर्चाचा. देखरेखीचा खर्च शेवटी घर घेणाराच भरतो, हे खरे आहे. पण आज तो देखरेख नसल्याचाही खर्च भरतोच. रिकाम्या कराव्या लागलेल्या घराचे हप्ते चालू असतात आणि शेजारच्या सेक्टरमधील भाडेही सुरू असते. दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे कागद वाढतात, काम सुधारत नाही. हा आक्षेप मला मनापासून पटतो. म्हणूनच मी वह्या वाढवा असे म्हणत नाही. असलेल्या वह्यांपैकी चार-पाच वेचाव्यात, त्या कामाच्या वेळीच लिहिल्या जाव्यात आणि त्या लिहिणारा माणूस निर्भय असावा. शनिवारी संध्याकाळी बसून भरलेल्या चाळीस वह्यांपेक्षा ओतकामाच्या सकाळी भरलेले एक पान मोलाचे आहे.

‘पॅराडिसो’च्या रहिवाशांपुढे नंतर पर्याय आले ते पैसे परत घेऊन निघून जाण्याचे किंवा पुनर्बांधणीची वाट पाहण्याचे. ‘ग्रीन व्ह्यू’च्या एका खरेदीदाराला रक्कम सव्याज परत मिळावी, यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. अशा प्रत्येक कुटुंबाकडे एक जाड फाइल असते. तिच्यात करारनामा असतो, मुद्रांक शुल्काची पावती असते, बँकेचे कर्जपत्र असते, हप्त्यांचा तक्ता असतो. घर किती चौरस फुटांचे, किती किमतीला, किती वर्षांच्या कर्जावर घेतले, हे सारे तिच्यात आहे. घर कसे बांधले, हे सांगणारा एकही कागद तिच्यात नाही. तो कागद त्या कुटुंबाच्या हक्काचा आहे, आणि तो ताब्याच्या किल्लीबरोबरच त्याच्या हाती पडला पाहिजे.